बाबांचे ८, आईचे २९, माझे ४१ : पुण्यातल्या एका मेमरी क्लिनिकचा आमचा अनुभव

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव टाकणार नाहीये, चांगलं पण लिहायचंय आणि जे खटकलं ते पण लिहायचंय, आणि तिथल्या एका मुलीने आमच्यासाठी खूप केलंय तिला त्रास व्हायला नको. पुण्यात आहे, विसरण्याच्या आजाराची तपासणी करतात, एवढं पुरे. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांच्या घरात एक माणूस "मला काहीही झालेलं नाही" म्हणतोय आणि बाकी सगळ्यांना दिसतंय की झालंय, त्यांनी निवांत वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

बाबा ७४ चे. साताऱ्याला असतात, आई आणि ते दोघंच, मी पुण्यात आणि दादा बंगलोरला. एस.टी.त कंडक्टर होते, ३१ वर्षं, २००९ ला रिटायर झाले. सातारा-महाबळेश्वर बऱ्याच वर्षं होते. आजही विचारलं तर लिंब फाटा, पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी, असे थांबे न अडखळता सांगतात, कुठल्या थांब्यावर कोण भाजीची पाटी घेऊन चढायचं ते पण सांगतात. आणि सकाळी नाश्त्याला काय खाल्लं विचारलं की "पोहे" म्हणतात, रोज पोहेच म्हणतात, उपमा झालेला असला तरी.

दोन वर्षं झाली हे चालू होऊन. लाईट बिल दोनदा भरलं, गॅसवर दूध ठेवून बाहेर गेले, पोवई नाक्यावरून भाजी घेऊन स्कूटरवर निघाले ते दीड तासाने घरी आले आणि म्हणाले ट्रॅफिक होतं. साताऱ्यात दीड तासाचं ट्रॅफिक! आई गप्प बसली. आम्ही काही गप्प बसलो नाही, दादाने घरी आल्यावर हॉलमध्ये पांढरा बोर्ड लावला, त्यावर तारीख वार लिहायचा, आणि एकदा तर बाबा तीच गोष्ट वीस मिनिटांत चार वेळा विचारतायत याचा व्हिडिओ काढून त्यांनाच दाखवला. त्या दिवसाचं बाबांचं तोंड मला विसरता येत नाही. पहिल्यांदा म्हणाले हे आजचं नाही, मग म्हणाले तुम्ही पोरं माझ्यावर पाळत ठेवता, आणि जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ विसरले होते पण दादावरचा राग राहिला होता, का राग आलाय ते माहीत नाही पण राग आहे.

आम्हाला वाटायचं हे हेकेखोरपणा करतायत. आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, आता तरी कशाला मान्य करतील. आई पण म्हणायची, "त्यांचा स्वभावच तसा." हे आमचं सगळ्यात मोठं चुकलं, आणि क्लिनिकला पैकीच्या पैकी मार्क द्यायचे झाले तर मी ह्या एका गोष्टीसाठी देईन की ते आम्हाला तिथे कळलं.

पहिली भेट नेहमीसारखीच. डॉक्टर मॅडमनी अर्धा तास माहिती घेतली, बी१२, थायरॉइड, शुगर वगैरे रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय करून आणायला सांगितलं, कारण बी१२ कमी असलं किंवा थायरॉइडचं काही असलं तरी विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. बाबांचं तसं काही निघालं नाही. ह्या भेटीबद्दल तक्रार एकच, अपॉइंटमेंट अकराची आणि आत घेतलं एकला वीस कमी असताना. अशा पेशंटला पावणेदोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवायचं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं, बाबा तीन वेळा उठून "गाडी किती वाजता सुटणार" विचारायला काउंटरला गेले. काउंटरवरचा मुलगा मात्र चांगला होता, एकदाही हसला नाही, प्रत्येक वेळी म्हणाला, "काका, दहा मिनिटांत सांगतो."

दुसरी भेट महत्त्वाची. ती सायकॉलॉजिस्टबरोबर होती, दोन तासांची. ती मुलगी कराडकडची असावी बोलण्यावरून, बाबांना पहिल्या वाक्यातच आपली वाटली. टेबलाच्या पलीकडे बसायच्या ऐवजी ती खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसली, उजव्या बाजूला, कारण तिने आधी विचारून घेतलं होतं की कुठल्या कानाने नीट ऐकू येतं. हे कोणी करत नाही. ऐकू न आल्यामुळे उत्तर चुकलं तर ते पण विसरण्याच्या खात्यात जातं.

तर तिने नेहमीची १०० मार्कांची टेस्ट घेतलीच, घड्याळ काढा, हा पत्ता पाठ करा वगैरे, त्यात बाबांना ५८ आले. पण त्यात मध्येच तिने एक वेगळी गोष्ट केली. म्हणाली, "काका, मी आता दहा शब्द वाचून दाखवणारे. नंतर तुम्ही मला सांगायचे. वाचायच्या आधी एक सांगा, दहातले किती आठवतील असं वाटतं?"

बाबा लगेच म्हणाले, "दहाच्या दहा. आगं ३१ वर्षं हिशोब केलाय मी, एकदा पण वे-बिल चुकलं नाही."

(वे-बिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद.) तिने शब्द वाचले. सावकाश, एकेक. बाबांनी डोळे मिटून ऐकले. मग सांगायला लागले, तीन शब्द पटापट सांगितले, आणि मग थांबले. चौथा सांगितला तो यादीत नव्हताच. मग त्यांचा हात शर्टच्या खिशाकडे गेला, पेन चाचपल्यासारखा, खिशात पेन नव्हतं, तरी दोन-तीन वेळा चाचपलं. मी मागच्या खुर्चीवर होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो हात दिसत होता.

ती म्हणाली, "किती आले असं वाटतं काका?"

थोडा वेळ गेला. मग बाबा म्हणाले, "नाही जमलं आज. तीनचारच आले असतील."

मी अक्षरशः हलले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "नाही जमलं" ऐकलं. मला वाटलं झालं, मान्य केलं, आता औषधं घेतील, स्कूटरची किल्ली देतील, सगळं सुटलं. मग तिने दुसऱ्या टेस्ट घेतल्या, चित्रं ओळखायची, आकडे उलटे म्हणायचे, चहा आला, आणि साधारण अर्ध्या तासाने तिने परत तोच प्रश्न टाकला, "काका आता परत दहा शब्द वाचले तर किती आठवतील?"

"दहाच्या दहा."

तोच स्वर, तीच घाई, ३१ वर्षं आणि वे-बिल पण तेच.

हे जे मी डोळ्यांनी पाहिलं त्याने माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला. बाबा खोटं बोलत नाहीत. चूक झाली की त्या क्षणी त्यांना कळतं, पण ते कळलेलं आत कुठे नोंदलंच जात नाही, त्यामुळे "मी कसा आहे" हे विचारलं की त्यांना जुनाच माणूस सापडतो, ट्रे आणि पंच घेऊन गर्दीत उभा राहून पन्नास लोकांचे सुटे पैसे तोंडी हिशोबाने देणारा. त्याचं वे-बिल खरंच चुकत नव्हतं. सायकॉलॉजिस्टने नंतर सांगितलं की इंग्लंडमधल्या संशोधकांनी ह्याला दगड झालेला 'स्व' अशा अर्थाचं नावच दिलंय, स्वतःबद्दलची माहिती जिथे होती तिथे गोठते, नवीन भर पडत नाही. मग आम्ही व्हिडिओ दाखवून काय करत होतो? दर वेळी त्यांना नव्याने धक्का देत होतो, आणि शिकणं काहीच होत नव्हतं, फक्त दुखणं राहत होतं.

आणखी एक तिने केलं ते पण सांगते. तिने एक गोष्ट सांगितली, एक रिटायर माणूस आहे, गॅस चालू ठेवून बाहेर जातो, पैसे कुठे ठेवले ते विसरतो, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, घरचे काळजीत आहेत, तर काका तुम्हाला काय वाटतं. बाबा गंभीर झाले. म्हणाले, "त्याला दवाखान्यात दाखवायला पाहिजे. आणि गाडी चालवायला देऊ नये, दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे." कंडक्टर माणूस, गाडीचं त्यांना पहिलं आठवलं. तिने विचारलं तुम्हाला असं कधी होतं का, तर म्हणाले नाही, मला नाही. म्हणजे विचार शाबूत आहे, न्याय शाबूत आहे, दुसऱ्याचं बरोबर दिसतं. स्वतःकडे वळल्यावर अडतं.

आता फॉर्मबद्दल, कारण टायटलमधले आकडे तिथले आहेत.

३० प्रश्नांचा एक फॉर्म असतो, १९९५ च्या सुमाराला अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी बनवलेला, जगभर वापरतात. तारखा आठवायला अडचण येते का, फोनवर बोलायला, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवायला, पैशाचा हिशोब, पेपर वाचून समजायला, आणि शेवटी शेवटी स्वभावाचे, चिडचिड वाढलीय का, रडू येतं का वगैरे. प्रत्येकाला कधीच नाही म्हणजे ०, कधी कधी १, बऱ्याचदा २, नेहमी ३. जास्तीत जास्त ९०. पेशंट स्वतःबद्दल उत्तरं देतो, घरचं माणूस तेच प्रश्न पेशंटबद्दल भरतं, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. जेवढा फरक मोठा तेवढी आजाराची जाणीव कमी. ३२ किंवा त्याच्यापुढे फरक गेला की जाणीव नाही असं धरतात.

बाबांचे ८ आले. माझे ४१. फरक ३३. म्हणजे रेघेच्या पलीकडे.

पण त्या मुलीने आईलाही वेगळ्या खोलीत बसवून तोच फॉर्म भरून घेतला होता, आणि आईचे आले २९. फरक २१. म्हणजे रेघेच्या अलीकडे. एकच माणूस, एकच दिवस, मुलीला विचारलं तर त्याला जाणीव नाही आणि बायकोला विचारलं तर बऱ्यापैकी आहे!

मी सुरुवातीला म्हटलं आई लपवतेय. वस्तू सापडत नाहीत ह्या प्रश्नाला मी ३ टाकले होते, आईने १. गाडीत विचारलं तर म्हणाली, "अगं मी त्यांच्या आधीच सगळं जागेवर ठेवते, त्यांना शोधायची वेळच येत नाही, मग काय लिहू?" आणि मग थोड्या वेळाने, खंबाटकीच्या घाटात होतो आम्ही, म्हणाली, "आणि नवऱ्याबद्दल असं कागदावर लिहून द्यायचं जिवावर येतं." ह्यावर मी काय बोलणार. आणि माझे ४१ पण सगळे बाबांचेच नाहीत हे पण त्या मुलीनेच सांगितलं, अगदी हळू आवाजात, की ताई, काळजी घेणारं माणूस थकलेलं असेल, खचलेलं असेल तर त्याच्या फॉर्ममध्ये मार्क वर जातात हे माहीत असलेली गोष्ट आहे. तिने माझा पण एक २२ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, काळजी घेताना तुमच्यावर किती ओझं आहे त्याचा. रोज रात्री साडेदहाला आईचा फोन येतो, दर शनिवारी मी साताऱ्याला जाते, ऑफिसमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. तो फॉर्म भरताना मला रडू आलं, तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही बोलली नाही, ते बरं वाटलं.

म्हणून माझं मत असं झालंय की हा फॉर्म चांगला आहे पण तो दोन माणसांमधलं अंतर मोजतो, एकट्या पेशंटच्या आतलं नाही. दुसरं माणूस कोण, ते किती वेळ घरात असतं, किती दमलंय, किती झाकतं ह्यावर आकडा हलतो. दहा शब्दांच्या टेस्टला साक्षीदार लागत नाही. आधी १० म्हणाले, आले ३, संपलं. आणि तिसरं डॉक्टरांचं स्वतः बोलून ठरवणं, पूर्ण जाणीव आहे, येते-जाते, की अजिबात नाही, ते पण लागतंच. तिन्ही करणारं क्लिनिक बघा. नुसता एक फॉर्म भरून "पेशंटला इनसाइट नाही", म्हणजे आजाराची जाणीव नाही, असं लिहून देत असतील तर विचारा की कोणाच्या फॉर्मवरून, एवढं विचारायचा आपला हक्क आहे.

फॉर्मच्या भाषेबद्दल माझी खरी तक्रार आहे. मराठी म्हणून जे छापलंय ते कोणाच्याही घरात बोलत नाहीत. "परिसरातील दिशाभान राखण्यात अडचण येते का" हे बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, दिशा म्हणजे पूर्व-पश्चिम का? नाही, मला कळते पूर्व. कधीच नाही, शून्य. "गल्लीत, बाजारात रस्ता चुकतो का" असं विचारलं असतं तर कदाचित काही वेगळं आलं असतं. आणि "घरातली कामं करायला अडचण येते का" ह्याला काय उत्तर द्यायचं? बाबांनी शून्य दिलं, आई माझ्याकडे बघायला लागली, बाबांनी आयुष्यात घरातलं काम केलेलं नाही, त्या पिढीतल्या किती पुरुषांनी केलंय? उलट वेटिंग रूममध्ये एक आजी होत्या त्यांना बँकेचा हिशोब जमतो का विचारणार, त्या बिचाऱ्यांनी पासबुक कधी हातात घेतलंय? असे प्रश्न फरकात घुसतात आणि आकडा बदलतो. त्या मुलीने दोनतीन प्रश्न तोंडी सोपे करून विचारले, पण दुसरी कोणी असती तर छापलंय तसंच वाचलं असतं.

आता जे सगळ्यात खटकलं ते. तिसऱ्या भेटीत रिपोर्ट समजावून सांगायचा होता. डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं आणि बाबांच्या समोर, बाबांकडे न बघता, माझ्याशी बोलायला लागल्या. अल्झायमर प्रकारचा डिमेन्शिया, सौम्य ते मध्यम, आणि "ह्यांना अ‍ॅनोसोग्नोसिया आहे, ह्यांना कळत नाही की ह्यांना कळत नाही." बाबा समोर बसलेत. इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांना ऐकू येत होतं, त्या दिवशी कानाच्या मशीनला नवीन सेल घातला होता. ते म्हणाले, "कोणाबद्दल चाललंय?" आणि खोलीत कोणी उत्तर दिलं नाही. मी पण दिलं नाही.

माहिती चांगली होती हो, नाही म्हणत नाही. मॅडमनी सांगितलं की अ‍ॅनोसोग्नोसिया हा शब्द १९१४ साली पॅरिसच्या बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी आणला, तळपायावर किल्लीने रेघ ओढून अंगठा वर जातो का बघतात ना ती टेस्ट ज्यांच्या नावाची आहे तेच. त्यांचे पेशंट अर्धांगवायूचे होते, डावा हात लुळा पडलाय आणि पेशंट म्हणतो मला काही झालेलंच नाही. तेव्हापासून हे माहीत आहे की आजार कळणं हे पण मेंदूचंच काम आहे आणि ते काम करणारा भाग आजारी पडला की माणूस कितीही हुशार असला तरी त्याला कळत नाही. ते नाकारणं वेगळं, माहीत असून भीतीपोटी तोंडावर न आणणं, त्यात माणूस विषय टाळतो, उठून जातो, चिडतो. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं. हे सगळं मला हवंच होतं. पण ते बाबांना बाहेर त्या मुलीबरोबर चहाला पाठवून सांगता आलं असतं आणि बाबांना वेगळं, त्यांच्या भाषेत, त्यांच्याकडे बघून सांगता आलं असतं. ज्याला जाणीव नाही असं तुम्ही मोजलंय त्याला दुखत नाही असं कोणी मोजलंय?

बाबांना काही कळत नाही हे मी मानतच नाही आता. सांगते का. भेटीनंतर आठवड्याने त्यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. जुन्या वहीचा कागद, चार घड्या घातलेल्या, घड्यांवर कागद मऊ होऊन फाटायला आलेला. त्यावर त्यांच्या अक्षरात घराचा पत्ता, आईचं नाव, माझा आणि दादाचा फोन नंबर. कागद बघून वाटतं किमान सहा महिने तरी खिशात फिरत असेल. मी विचारलं बाबा हे काय, तर म्हणाले, "ते होय, तुझ्या आईसाठी ठेवलंय, तिच्या लक्षात राहत नाही."

मी त्या मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली हे बऱ्याच जणांत दिसतं, तोंडाने कधी म्हणत नाहीत पण वागण्यात दिसतं, अवघड वाटणारी कामं आपोआप टाळतात, सोय करून ठेवतात, आणि हे कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. ४१ वजा ८ मध्ये ती चिठ्ठी कुठे बसवायची?

तर मग फायदा काय झाला, पैसे घालवून. मला विचाराल तर घरातलं भांडण संपलं. बोर्ड काढला. दादाने तो व्हिडिओ डिलीट केला, मला फोन करून सांगितलं की डिलीट केला, आणि बराच वेळ फोनवर तसाच राहिला. आता बाबा चौथ्यांदा विचारतात तेव्हा आई पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देते. गोळ्या "विसरण्याच्या" म्हणून दिल्या की फेकून द्यायचे, मला काय झालंय म्हणायचे, आता बीपीच्या गोळीबरोबर एकत्र डब्यात असतात. बीपी आहे हे त्यांना मान्य आहे, गुडघे दुखतात हे मान्य आहे, तक्रार फक्त डोक्याबद्दल मान्य नाही. डॉक्टरांना विचारूनच केलंय आणि विचारलं कशाच्या गोळ्या तर आई खोटं बोलत नाही, "डॉक्टरांनी तब्येतीसाठी दिल्यात" म्हणते.

स्कूटरचं मात्र सोपं गेलं नाही. जाणीव नसलेल्या माणसाला समजावून गाडी बंद होत नाही, कारण त्याच्या हिशोबाने त्याला काही झालेलंच नाही, आणि खरा धोका इथेच आहे. ज्याला कळतं की आपण चुकतो तो स्वतःच जपून चालवतो, विचारून निघतो. ज्याला कळत नाही तो त्याच स्पीडने पोवई नाक्यावर वळतो. शेवटी त्या मुलीच्या गोष्टीतला माणूस कामाला आला. मी बाबांना विचारलं, बाबा, डेपोत एखाद्या ड्रायव्हरची नजर कमी झाली तर काय करायचे? म्हणाले, मेडिकलला पाठवायचे, पास होईपर्यंत स्टिअरिंगला हात नाही, नियम आहे. मग डॉक्टरांनी साध्या कागदावर लिहून दिलं, मेडिकल होईपर्यंत गाडी चालवू नये, खाली सही आणि शिक्का. बाबांनी शिक्का बघितला, कागद घडी करून कपाटात ठेवला, किल्ली आईकडे दिली. नंतर दोनदा मागितली, कागद दाखवला की थांबले. नियमाचा माणूस आहे, तो भाग शाबूत आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. तिन्ही भेटींचे आणि टेस्टचे मिळून आमचे साडेसहा हजार झाले, एमआरआय वेगळा. टेस्टिंगची वेळ सकाळची मागून घ्या, दुपारनंतर आमचे बाबा दमतात आणि दमले की आणखी चुकतात. चष्मा, कानाचं मशीन, जास्तीचे सेल घेऊन जा. फॉर्म घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांनी भरावा, आणि वेगवेगळं बसून, एकमेकांचं बघून नाही. पेशंटसमोर तर अजिबात भरू नका. आणि रिपोर्टच्या दिवशी आत जायच्या आधीच काउंटरवर सांगा की आधी आम्हाला एकट्याला सांगा, मग पेशंटला घेऊन बसू. मी नाही सांगितलं, मला माहीतच नव्हतं.

आणि ज्यांचा बाबा किंवा आई रडत म्हणते की मला काहीतरी होतंय, मला आठवत नाही, त्यांनी असं समजू नका की जाणीव आहे म्हणजे बरं चाललंय. त्या वेटिंग रूममध्ये असे एक काका होते, बँकेत होते पूर्वी, त्यांना सगळं कळत होतं आणि ते माझ्याशी बोलताना हात चोळत होते. त्यांच्याकडे बघून मला वाटलं बाबांना कळत नाही ते बरंय, आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. अशा माणसाचं उदासीचं पण तपासून घ्या, उदासीत माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा जास्त विसराळू समजतो, मग फॉर्ममधला फरक उलट्या दिशेला जातो.

क्लिनिकला पाचपैकी साडेतीन. त्या मुलीला पाचपैकी पाच. भारतात साठीच्या पुढच्या १०० जणांत ७ जणांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाख माणसं, आणि आम्हाला साताऱ्याहून ह्यासाठी पुण्याला यावं लागतं, सिव्हिलमध्ये अशी एक मुलगी बसली तर किती घरातली भांडणं थांबतील. वेटिंगचा कारभार आणि फॉर्मची भाषा सुधारली आणि रिपोर्ट सांगायची पद्धत बदलली तर मी पण पाच देईन. हे मी त्यांना ईमेलवर लिहिलंय. उत्तर आलं, मॅडमनी स्वतः लिहिलं की पुढच्या वेळी वेगळं बोलू. आता मार्चमध्ये सहा महिन्यांनी परत टेस्ट आहे. ह्या वेळी फॉर्म आई आधी भरेल, मग मी, आणि बाबांची चिठ्ठी नवीन कागदावर उतरवून दिलीय त्यांच्याच हाताने, जुनी फाटायला आली होती. त्यांनी दोन करून घेतल्या, एक स्वतःच्या खिशात ठेवली आणि एक आईला दिली.